भावाचा भुकेला अपोलो : ‘स्टार ट्रेक’चा एक जुना भाग, ब्ल्यू-रे डिस्कवर

अवकाशाच्या काळोखात एक प्रचंड हात उगवतो आणि एंटरप्राइज हे यान मुठीत धरतो. हा हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो राखाडी होता, कारण गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकच टीव्ही होता आणि तो कृष्णधवल होता. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी विज्ञानकथा-मालिका लागली की मजल्यावरची सगळी मुले त्या एका खोलीत आणि उरलेली तिच्या उंबऱ्यापाशी गॅलरीत बसत असत. इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हते, तरी हात मात्र सगळ्यांना कळला होता. त्या हाताचा खरा रंग हिरवा आहे हे मला सुमारे चाळीस वर्षांनी, विलेपार्ल्याच्या आमच्या बैठकीच्या खोलीत, आईच्या शेजारी बसून समजले.

मालिकेच्या मूळ तीन पर्वांपैकी दुसऱ्या पर्वाचा ब्ल्यू-रे संच मी यंदा मागवला, तो मुख्यतः या एका भागासाठी. संच २००९ साली निघालेला आहे, म्हणजे तोही आता जुनाच म्हणायचा. ऑनलाइन विक्रेत्याकडून आला तेव्हा खोक्याच्या आतली एक खुंटी तुटलेली होती आणि एक डिस्क सुटी होऊन खडखडत होती. सुदैवाने तिच्यावर ओरखडा नव्हता. प्लेअर मात्र घरात नव्हता, आणि नवीन सहजासहजी मिळत नाही म्हणून लॅमिंग्टन रोडवर दोन फेऱ्या मारून वापरलेला मिळवला. एवढा खटाटोप कशाला, असे घरच्यांनी विचारले. चित्राचा दर्जा पाहिल्यावर त्यांना उत्तर मिळाले असावे, कारण नंतर कोणी विचारले नाही. मालिका मुळात ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, त्यामुळे फिल्म साफ करून पुन्हा उतरवल्यावर तिच्यात दडलेले सगळे बाहेर आले आहे : देवळाच्या खांबांवरचा रंगाचा हात, अपोलोच्या कपाळावरचा घाम, आणि लेफ्टनंट पॅलमसच्या गुलाबी वस्त्राची प्रत्येक चुणी.

या संचाची सर्वांत चांगली सोय म्हणजे अवकाशातली दृश्ये मूळ स्वरूपात पाहायची की संगणकावर नव्याने केलेली पाहायची, हे आपल्याला ठरवता येते. मालिकेला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २००६ पासून, ही नवी दृश्ये करण्यात आली. ती सफाईदार आहेत, ग्रह अधिक ग्रहासारखा दिसतो, यानाच्या अंगावर उजेड नीट पडतो. तरीही मी मूळ दृश्यांचीच शिफारस करेन. १९६७ सालच्या कॅमेऱ्याने, १९६७ सालच्या प्रकाशयोजनेत टिपलेल्या माणसांच्या मधोमध एकविसाव्या शतकातले यान आले की डोळ्याला किंचित ठेच लागते, आणि या भागात तर ठेच कुठेच लागायला नको, कारण तो सगळा एकाच सुरात वर चढत जातो.

भागाचे मूळ इंग्रजी नाव ‘हू मोर्न्स फॉर अडोनेस?’ असे आहे. कीट्सच्या मृत्यूनंतर शेलीने १८२१ साली जी विलापिका लिहिली, तिच्यातली ही ओळ. अडोनेससाठी शोक कोण करणार, असा तो प्रश्न. गिल्बर्ट राल्स्टन आणि जीन कून यांचे लेखन, मार्क डॅनियल्स यांचे दिग्दर्शन, फ्रेड स्टायनर यांचे संगीत. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर तो २२ सप्टेंबर १९६७ रोजी दाखवला गेला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, २२ सप्टेंबर १९६६ रोजी, याच मालिकेचा ज्यात एका साध्या अधिकाऱ्याला दैवी सामर्थ्य प्राप्त होते आणि त्याचे डोळे चांदीसारखे चमकू लागतात तो भाग लागला होता. तिथे माणूस देव होतो आणि त्याच्यातली माया आटते; इथे देव आपल्या डोळ्यांदेखत माणूस होत जातो. दोन्ही भाग ओळीने पाहिले तर या मालिकेच्या लेखकांना हा विषय किती आतून छळत होता ते कळते.

कथा थोडक्यात अशी. पॉलक्स चार या ग्रहाजवळ यान अडवले जाते. पडद्यावर एक चेहरा येतो, कॅप्टन कर्कला आणि त्याच्या सहकाऱ्यांना खाली बोलावतो, आणि टोकदार कानांच्या स्पॉकला मात्र आणू नका म्हणून बजावतो, कारण स्पॉकला पाहून पॅन या ग्रीक रानदेवाची आठवण होते आणि पॅनचा आपल्याला कायम कंटाळा येत असे, असे तो म्हणतो. खाली हिरवळीवर संगमरवरी खांबांचे देऊळ आहे आणि पायऱ्यांवर स्वतः अपोलो. ग्रीकांचा तोच अपोलो. पाच हजार वर्षांपूर्वी तो आणि त्याचे सोबती पृथ्वीवर आले, माणसांनी त्यांना देव मानले. पुढे माणसांनी पाठ फिरवली तेव्हा ते परत गेले आणि वाट पाहत राहिले. प्राचीन देव हे परग्रहावरून आलेले प्रवासी होते ही कल्पना पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकामुळे घरोघरी गेली. मात्र त्या देवांना एकटेपणा कसा वाटला असेल हा प्रश्न या भागाने आधीच विचारून ठेवला होता.

अपोलो हे नाव मुंबईकराच्या तोंडात वेगळ्या वाटेने आलेले आहे. गेटवेजवळच्या पालवा बंदराचे इंग्रजांच्या जिभेवर अपोलो बंदर झाले असे सांगतात, आणि आई आजही पालवाच म्हणते. त्यामुळे पडद्यावरच्या गोऱ्यापान, सोनेरी झग्यातल्या पुरुषाने आपले नाव सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्या पालव्याचा?” मी नाही म्हटले. पण देऊळ दिसल्यावर तिने फोर्टातल्या टाउन हॉलची आठवण काढली, आणि ते बरोबरच होते, कारण एशियाटिकच्या त्या रुंद पायऱ्या आणि वरचे डोरिक खांब हेच आमचे लहानपणापासूनचे ग्रीस.

डिस्कवर मराठी उपशीर्षके नाहीत. आईला इंग्रजी सावकाश वाचता येते, पण एवढ्या वेगाने नाही, त्यामुळे जवळजवळ पन्नास मिनिटे मी संवाद मराठीत सांगत होते. हा भाग मी आधी तीन-चार वेळा पाहिलेला असूनही तो खऱ्या अर्थाने कळला तो या भाषांतरामुळे. अपोलो माणसांकडे ‘वर्शिप’ मागतो. मी पहिल्यांदा ‘पूजा’ म्हटले. थोड्या वेळाने तो लॉरेलची पाने गोळा करायला, जुने अग्नी पेटवायला, हरीण मारून बळी द्यायला सांगतो, तेव्हा ‘पूजा’ बरोबर बसले. पण मग तो कर्कबरोबर खाली आलेल्या लेफ्टनंट कॅरोलिन पॅलमसला आपल्या सोबत्यांची गोष्ट सांगतो. देव केवळ आठवण म्हणून जगू शकत नाही; तुम्हाला जसे अन्न लागते तसे आम्हाला प्रेम आणि भक्ती लागते, अशा अर्थाचे तो बोलतो. हेरा सर्वांत आधी गेली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि वाऱ्यावर विखुरली. हे ऐकताना माझ्या तोंडून ‘पूजा’ निघेना. मी ‘भाव’ म्हटले.

“मग बरोबर आहे,” आई म्हणाली. “देव भावाचा भुकेलाच असतो. पण मागून मिळतो का भाव?”

या भागावर मी जे काही वाचले आहे त्यात अपोलोला बहुतेक वेळा लहरी हुकूमशहा म्हणून किंवा कालबाह्य देव म्हणून पाहिले गेले आहे. आमच्या भाषेत ही म्हण आधीच तयार असल्यामुळे मला तो तसा दिसला नाही. मायकेल फॉरेस्ट यांनी त्याला भुकेलेला म्हणूनच उभा केला आहे. उंचापुरा देह, रंगभूमीवर कमावलेला घुमणारा आवाज, आणि गर्जना संपली की क्षणभर चेहऱ्यावर येणारी ती अजीजी. पहिल्यांदा पाहताना वीज, वादळ आणि आभाळाला टेकलेला देह लक्षात राहतो. पुन्हा पाहताना लक्षात राहते ती त्याची घाई. पाहुण्यांनी थांबावे म्हणून तो आधी हसतो, मग आमिष दाखवतो, मग दम देतो, आणि या तिन्हींच्या मध्ये फारसा वेळ जाऊ देत नाही. पाच हजार वर्षे थांबलेल्या माणसाला पाच मिनिटे थांबवत नाहीत हे फॉरेस्ट यांनी नुसत्या पावलांतून दाखवले आहे : तो पायऱ्या उतरतो ते जरा जास्तच भराभर. याच नटाने २०१३ साली, ४६ वर्षांनी, चाहत्यांनी तयार केलेल्या एका भागात वृद्ध अपोलो पुन्हा साकारला.

आई पंढरपूरच्या बाजूची, माहेरी वारी असलेली. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दाराशी आला, याने वीट फेकली आणि थांब म्हटले, आणि तो थांबला; ही गोष्ट तिने मला लहानपणी शेकडो वेळा सांगितली असेल. अपोलो पाहताना तिने ती पुन्हा काढली, आणि मला त्या दोन वाट पाहण्यांतला फरक पहिल्यांदा दिसला. विठोबा भक्ताच्या दाराशी, भक्ताने घातलेल्या अटीवर उभा आहे. अपोलो आपल्या घरी, आपल्या अटींवर वाट पाहतो, आणि भक्त दाराशी आल्याबरोबर त्यांना मुठीत धरतो. पहिल्याच दृश्यातल्या त्या हिरव्या हातात त्याचा पुढचा सगळा पराभव आहे, हे लेखकांना नक्की माहीत असणार, कारण त्यांनी भागाची सुरुवात चेहऱ्याने न करता हाताने केली आहे.

कर्कचे सहकारी या सामर्थ्याचा उगम शोधतात तो मधला भाग गोष्टीच्या सोयीसाठी आहे आणि तो पटकन उरकलेला आहे. डॉक्टर मॅकॉयला अपोलोच्या छातीत एक जादा अवयव आढळतो, सामर्थ्य दाखवल्यावर अपोलो थकतो हे कर्कच्या ध्यानात येते, आणि शक्तीचा स्रोत देवळातच आहे असे अनुमान निघते. चेकोव्ह या तरुण अधिकाऱ्याला या पर्वात नुकतेच आणलेले होते, प्रक्षेपणाच्या क्रमाने हा त्याचा दुसराच भाग, आणि त्याचा पोरसवदा उत्साह या भागात बरा वाटतो. यानाचा अभियंता स्कॉटी याचे प्रेम मात्र मला पटले नाही. तो कॅरोलिनसाठी पुन्हा पुन्हा अपोलोच्या अंगावर धावतो आणि पुन्हा पुन्हा फेकला जातो. एकदा पुरे होते.

याहून मोठा दोष सुरुवातीलाच आहे. कॅरोलिन ही पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि प्राचीन संस्कृतींची जाणकार अधिकारी. तिच्याविषयी मॅकॉय म्हणतो की ती शेवटी बाई आहे, योग्य पुरुष भेटला की नोकरी सोडून जाईल, आणि कर्क ते ऐकून घेतो. लहानपणी हे मला कळले नव्हते. आता, तीस वर्षे नोकरी केल्यावर, ते कानाला टोचते, आणि हे त्या काळचे आहे असे म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही; कारण याच भागात, वर यानात, संपर्क अधिकारी उहुरा यंत्राच्या आत हात घालून संपर्काची जोडणी नव्याने करत असते, आणि स्पॉक तिला सांगतो की या कामाला तुमच्याहून अधिक योग्य कोणी माझ्या डोळ्यांसमोर नाही. म्हणजे त्या लेखकांना बाईच्या कामाचा मान ठेवता येत होता. तो त्यांनी कॅरोलिनला उशिरा दिला.

पण दिला, आणि कसा दिला ते सांगायलाच हवे. लेस्ली पॅरिश यांनी साकारलेली कॅरोलिन सुरुवातीला अपोलोने दिलेल्या वस्त्रात हरखून गेलेली दिसते. विल्यम वेअर थीस यांनी घडवलेले हे गुलाबी वस्त्र एकाच खांद्यावर आहे. खांद्यावरून मागे सोडलेल्या लांब कापडाच्या वजनाने ते सावरले जाते, आणि या चित्रप्रतीत ते वजन दिसते, ती वळली की कापड अर्धा क्षण मागे रेंगाळते. कर्क तिला बाजूला घेतो. तो तिला हुकूम देऊ शकला असता. त्याऐवजी तो तिचा हात हातात घेतो आणि आपण दोघे एकाच रक्तामांसाचे, एकाच इतिहासाचे आहोत हे सांगतो. देवाच्या मुठीनंतर माणसाचा हा हात. कॅमेरा त्या दोन हातांवर जातो तेव्हा माझे बोलणे थांबले होते. आईने भाषांतर मागितले नाही.

मग कॅरोलिन अपोलोकडे जाते आणि आपल्याच विद्येचे शस्त्र करते. मी तुझा अभ्यास करत होते, ती म्हणते. जिवाणूंच्या एखाद्या नव्या जातीवर मी जेवढे प्रेम करीन तेवढेच तुझ्यावर. हे ती खोटे बोलते आहे. तिचे त्याच्यावर प्रेम आहे, आणि ४३० सहकाऱ्यांसाठी ती ते तोडते आहे. पॅरिश यांनी हे वाक्य ओठ न थरथरवता म्हटले आहे आणि डोळे मात्र त्याच्या खांद्यापलीकडे ठेवले आहेत. फॉरेस्ट यांचा चेहरा त्या वेळी जो होतो तो शब्दांत पकडणे मला जमणार नाही. एवढेच म्हणते की त्यानंतरची वीज आणि वादळ मला देवाचा कोप वाटली नाही. नाकारल्या गेलेल्या माणसाने भांडी आपटावीत तसे ते वाटले.

कर्कचे एक वाक्य मात्र घरात अडखळले. मानवजातीला देवांची गरज नाही, एक आहे तो आम्हाला पुरेसा आहे, असे तो अपोलोला ऐकवतो. पहिले अर्धे वाक्य धाडसी आहे आणि दुसऱ्या अर्ध्याने ते परत घेतले आहे. ज्या घरातल्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि कुलदेवतेचे टाक दाटीवाटीने बसलेले आहेत, तिथे हे वाक्य मराठीत सांगताना मला दोनदा थांबावे लागले. आई म्हणाली, “एकच का? आणि हा उपाशी आहे त्याचं काय?” भागाचा शेवट पाहिला तर त्याच्या लेखकांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि कर्कच्या त्या ठसकेबाज उत्तराने त्यांचे समाधान झाले नव्हते.

कारण शेवट असा आहे. स्पॉकने ऊर्जाकवचाला भोके पाडली आहेत, यानावरून फेझर या किरणशस्त्राचे झोत देवळावर पडतात, खांब वितळू लागतात. अपोलो दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहतो, थांबा म्हणून विनवतो. देऊळ जाते. मग तो पुन्हा एकदा प्रचंड होतो, पण या वेळी कोणाला भिववण्यासाठी नाही. झ्यूस, हर्मीस, हेरा, अफ्रोडाइट, एकेकाला तो हाक मारतो, अथीनाला म्हणतो तुझे बरोबर होते, आमची वेळ गेली, आणि मला घेऊन जा म्हणत विरत जातो. स्टायनर यांचे संगीत इथे विजयाचे नाही. कॅरोलिन रडते आहे. मॅकॉय म्हणतो, हे करावे लागले नसते तर बरे झाले असते. आणि कर्क, ज्याने हे सगळे घडवले तो कर्क, म्हणतो : आपण लॉरेलची थोडी पाने गोळा केली असती तर आपले काय बिघडले असते?

लॉरेलला मराठीत काय म्हणावे हे मला सुचेना. तमालपत्राच्या कुळातले झाड आहे ते, पण तमालपत्र म्हटले की मसाल्याचा डबा डोळ्यांसमोर येतो. त्या घाईत मी म्हटले, “चार पानं वाहिली असती तर काय बिघडलं असतं?” बेल, तुळस, दूर्वा यांच्यासोबत जे क्रियापद आपण रोज वापरतो तेच आपसूक तोंडात आले, आणि ते वाक्य इंग्रजीपेक्षा जड झाले. माझ्या मते दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेच्या इतक्या वर्षांत इतका साधा आणि इतका अपराधी शेवट फार थोड्या भागांना लाभला आहे. संचात २६ भाग आहेत. याच एका भागासाठी तो घ्यावा असे मी म्हणेन, आणि प्लेअर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जाऊन पाहावा, आम्ही चाळीत पाहत होतो तसा.

आईला पुढचा भाग पाहायचा आहे. तो २९ सप्टेंबर १९६७ चा, आणि त्यात एक भरकटलेले यंत्र कर्कलाच आपला निर्माता समजून बसते. अपोलोला नाकारून आठवडा झाला नाही तोच कर्कवर ही पाळी येते हे मी तिला आधीच सांगून टाकले, ते बहुधा सांगायला नको होते. रविवारी सकाळी लावायचा असे ठरले आहे. वेळ तिनेच निवडली.